नासर्डीच्या अलीकडचाही इतिहास छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नाशिकच्या इतिहासावर अधूनमधून जे लेख येतात ते मी नेमाने वाचते, कात्रणंही काढून ठेवते, पण एक गोष्ट बऱ्याच दिवसांपासून खटकतेय ती आज लिहूनच टाकते, की हा सगळा इतिहास नासर्डी नदी ओलांडून आमच्या सिडकोच्या बाजूला काही येत नाही. गोदाघाट येतो, काळाराम येतो, सरकारवाडा येतो, जॅक्सनचा खून, १९३० चा सत्याग्रह, सगळं येतं. पांडवलेणी तर खरं म्हणजे आमच्याच बाजूला, गच्चीवर गेलं की डोंगर समोर, पण लेखातली पांडवलेणी दोन हजार वर्षांपूर्वी सुरू होतात आणि तिथून थेट पेशवाईत उडी, मग सावरकर, मग कुसुमाग्रज, संपला इतिहास. सिडको पेपरात येते ती आतल्या पानावर, पाणी आलं नाही, अतिक्रमण काढलं, चेन ओढली.

तुम्ही म्हणाल सिडकोला कसला आलाय इतिहास, परवा परवाची कॉलनी ती. गंमत म्हणजे आमच्या गल्लीतले लोकही हेच म्हणतात. आपण सगळे बाहेरून आलेलो, आपला इतिहास गावाकडे, कुणाचा साक्रीला, कुणाचा अमळनेरला, कुणाचा सटाण्याला, इथे काय तर घराचे हप्ते भरले आणि पोरं शिकवली. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायला जरा लांबून यावं लागेल, म्हणजे पार अमेरिकेतून, पत्र मोठं होणार आहे, कापायचं असेल तर मधलं कापा पण शेवटचं ठेवा.

माझी मुलगी-जावई न्यूयॉर्कला असतात, आणि न्यूयॉर्क म्हणजे अगदी शहराच्या पोटात पण एका बेटावर. रूझवेल्ट आयलंड. एका बाजूला मॅनहॅटनच्या उंच बिल्डिंगी, दुसऱ्या बाजूला क्वीन्स, आणि मधे ईस्ट रिव्हरमध्ये ही लांबुळकी पट्टी, साधारण सव्वातीन किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त अडीचशे मीटर रुंद. (नदी म्हणतात पण ती नदी नाहीच, समुद्राचं पाणी आहे, भरती-ओहोटी येते, दिवसातून अनेकदा प्रवाह उलटा फिरतो.) वस्ती बारा हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्या सिडकोच्या एका प्रभागातसुद्धा याहून कितीतरी जास्त माणसं निघतील. तिथे जायला रोपवे आहे, त्याला ट्रॅम म्हणतात, ऑफिसला जाणारे लोक लोकलने जावं तसे त्यातून जातात, चार मिनिटांत नदीपार. आमच्यासारखी वणीच्या गडावर फ्युनिक्युलरमध्येही हात जोडून बसणारी बाई तिथे पहिल्यांदा चढते तेव्हा खाली बघत नाही हे वेगळं सांगायला नको.

आता या बेटाचा इतिहास ऐका. मूळचे तिथले लेनापे लोक, मग डच आले त्यांनी १६३७ मध्ये ते घेतलं आणि तिथे डुकरं पाळली, मग इंग्रज, मग ब्लॅकवेल नावाचं घराणं, त्यांचं १७९६ चं लाकडी घर आजही उभं आहे, आपलं काळाराम मंदिर साधारण त्याच सुमाराचं म्हणून माझ्या लक्षात राहिलं. इथपर्यंत साधी शेती-वाडी. १८२८ मध्ये न्यूयॉर्क शहराने ते बेट विकत घेतलं आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते, कारण शहराला ते हवं होतं ते नको असलेली माणसं ठेवायला. शहर वाढत होतं, गरीब वाढत होते, रोगराई वाढत होती, आणि समोरच पाण्यात एक जागा, पळून जायची सोय नाही, नातेवाईक रोज दारात येऊन बसणार नाहीत, याहून सोयीचं काय. आधी १८३२ मध्ये तुरुंग. मग १८३९ मध्ये वेड्यांचं इस्पितळ, म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय निघालं त्याच्या आदल्या वर्षी. मग गरिबांसाठी अनाथालय-धर्मशाळा म्हणावी तशा इमारती, आणि १८५६ मध्ये देवीच्या रोग्यांचं हॉस्पिटल. आमच्या वयाच्या सगळ्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे, तेव्हा त्या हॉस्पिटलचं पडकं दगडी काम बघताना मी आपोआप दंड चाचपला. छप्पर नाही, आत झाडं उगवलीत, खिडक्यांच्या कमानी मात्र देवळासारख्या सुरेख, ज्याने डिझाइन केलं तो रेनविक न्यूयॉर्कमधली मोठमोठी चर्चेस बांधणारा माणूस. आणि त्यांनी ते पाडलं नाही की रंगरंगोटी करून नवंही केलं नाही, पडकं तसंच उभं ठेवलंय, बाहेरून आधार देऊन.

वेड्यांच्या इस्पितळाची गोष्ट तर तुमच्या धंद्यातली आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. १८८७ मध्ये नेली ब्लाय नावाची जेमतेम तेवीस वर्षांची बातमीदार मुलगी, न्यूयॉर्कच्या एका पेपरसाठी, वेड लागल्याचं सोंग करून तिथे मुद्दाम भरती झाली. डॉक्टरांनी तपासून वेडी ठरवली पण! दहा दिवस आत राहिली, मग पेपरवाल्यांनी वकील पाठवून सोडवलं, आणि बाहेर येऊन तिने सगळं छापलं, थंडगार पाण्याची अंघोळ, नासकं जेवण, मारहाण, दिवसभर बाकावर न हलता बसवून ठेवणं. शहराला चौकशी लावावी लागली, पैसे वाढवून द्यावे लागले. त्यात एक गोष्ट मला फार लागली. तिथे अडकलेल्या काही बायका मुळात वेड्या नव्हत्याच, परदेशातून आलेल्या, इंग्रजी येत नव्हतं, काय म्हणतायत ते कुणाला कळेना म्हणून आत टाकलेल्या. माझं इंग्रजी म्हणजे थँक्यू, सॉरी आणि हाऊ मच. त्या काळात गेले असते तर माझी रवानगी कुठे झाली असती ते जावयाने हसत हसत सांगितलं, मला काही फार हसू आलं नाही. बेटाच्या उत्तर टोकाला २०२१ पासून नेली ब्लायचं स्मारक आहे, पुतळा घोड्यावर वगैरे नाही, मोठाले बायकांचे चेहरे आहेत धातूचे, तुकडे जोडल्यासारखे, आणि त्यांच्यामधून चालायचं.

तिथेच जवळ १८७२ चं दीपगृह आहे, बेटावरच्याच दगडाचं, कैद्यांकडून फोडून घेतलेला दगड. त्याची एक दंतकथा सांगतात की इस्पितळातल्या एका वेड्याला वाटायचं इंग्रज चाल करून येणार, म्हणून त्याने त्या टोकावर स्वतःच मातीचा किल्ला उभारला, आणि दीपगृह बांधायची वेळ आली तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला खोट्या नोटा देऊन किल्ला सोडायला राजी केलं. खरं-खोटं देव जाणे. पण बेटावर शाळेतल्या पोरापासून सगळ्यांना ती गोष्ट पाठ आहे, माझ्या नातवाने तर मला ती किल्ल्याच्या मापासकट सांगितली, मापं त्याच्याच मनची असणार.

पुढचं भराभर सांगते. १९०९ मध्ये बेटाच्या डोक्यावरून पूल गेला, क्वीन्सबरो, पण तो बेटावर उतरत नव्हता, पुलाच्या मधोमध ट्रॉली, म्हणजे रुळावरची विजेची गाडी, थांबायची आणि तिथून लिफ्टने खाली, पुढे मोटारीसुद्धा लिफ्टने उतरवायचे. १९५५ मध्ये क्वीन्सच्या बाजूने छोटा पूल झाला तेव्हा कुठे नीट रस्ता मिळाला. तुरुंगात इतका भ्रष्टाचार होता की १९३४ मध्ये धाड घालावी लागली, आतले दादा लोकच तुरुंग चालवत होते, मग कैदी दुसऱ्या बेटावर हलवले, तुरुंग पाडला, १९३९ मध्ये त्याच जागी जुनाट रोग्यांचं मोठं हॉस्पिटल बांधलं, आणि २०१३ मध्ये ते बंद करून पाडून आता तिथे कॉर्नेल विद्यापीठाचा कॅम्पस आहे, काचा आणि सोलर पॅनल. तुरुंग, हॉस्पिटल, कॉलेज, एकाच जागेवर. हॉस्पिटल जाताना तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या व्हीलचेअरवरच्या लोकांना बाहेर पडावं लागलं, त्याचं दुःख बेटावरचे लोक अजून काढतात, कॅम्पस कितीही छान असला तरी.

आणि आता मुद्द्यावर येते. १९६९ मध्ये शहराने हे बेट राज्याच्या एका विकास महामंडळाला ९९ वर्षांच्या लीजवर दिलं, नवीन वसाहत बांधायला. महामंडळ, लीज, नियोजित वसाहत. काही आठवतंय का संपादक साहेब? मला तर ऐकूनच घरी आल्यासारखं वाटलं. आपल्याकडे सिडको महामंडळ स्थापन झालं १९७० मध्ये, आणि पुढे अंबड, मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे या गावांच्या शेतांवर आपल्या सहा योजना उभ्या राहिल्या, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना परवडतील अशी घरं. तिकडेही तेच, सगळ्या उत्पन्नाच्या लोकांनी शेजारी शेजारी राहावं अशी कल्पना. १९७३ मध्ये बेटाला रूझवेल्टचं नाव दिलं, १९७५ मध्ये पहिले लोक राहायला आले. पहिल्या चार मोठ्या इमारतींपैकी दोन ज्या आर्किटेक्टांनी केल्या त्यात एक अशोक भवनानी म्हणून आपला माणूस आहे. गाड्या वस्तीबाहेर एका मोठ्या पार्किंगमध्ये ठेवायच्या आणि आत फुकट बस. कचरा तर जमिनीखालच्या नळ्यांतून हवेने ओढून नेतात, १९७५ पासून, घंटागाडी नाही, घंटागाडीचं गाणं नाही. (मला गाण्याची चुकचुक लागली होती हे खरं.) सबवे, म्हणजे जमिनीखालची रेल्वे, येणार म्हणून सांगितलं होतं तो आला नाही म्हणून तात्पुरता म्हणून १९७६ मध्ये तो रोपवे लावला, सबवे आला १९८९ मध्ये, तोवर लोकांचा रोपवेवर इतका जीव जडला होता की तात्पुरता रोपवे अजून चालू आहे. तात्पुरतं म्हणून केलेलं कायमचं होणं ही काही आपलीच खासियत नाही.

तर हे जे १९७५ ला आलेले लोक, त्यांच्यापैकी कुणाचेही वाडवडील त्या बेटावर नव्हते. कुणी यूएनमध्ये नोकरीला, कुणी मास्तर, कुणी नर्स, जगभरातले. आणि वारशात मिळालं काय तर तुरुंग, वेड्यांचं इस्पितळ आणि देवीचे रोगी. कुणी म्हणालं असतं की आमचा याच्याशी काय संबंध, आम्ही नवीन लोक, नवीन नाव, नवीन बिल्डिंग, बुलडोझर फिरवा. पुष्कळ जुनं पाडलंही गेलं, ते काही संत नाहीत. पण सहा जुन्या वास्तू राखल्या, १९७६ मध्ये शहराने त्यांना संरक्षित म्हणून जाहीर केलं. वेड्यांच्या इस्पितळाचा अष्टकोनी मनोरा आता एका भाड्याच्या फ्लॅटच्या बिल्डिंगचं मुख्य दार आहे. जुनं चॅपल कम्युनिटी हॉल आहे, त्याची घंटा चौकात खाली मांडून ठेवलीय. आणि रहिवाशांनीच एक हिस्टॉरिकल सोसायटी काढली. सरकारने नाही, विद्यापीठाने नाही, तिथेच भाजी घेणाऱ्या लोकांनी.

त्या सोसायटीचं ऑफिस बघण्यासारखं आहे. पुलावरून ट्रॉली जायची म्हणाले ना, तिच्या मॅनहॅटनकडच्या टोकाला प्रवाशांना उतरायला नक्षीदार छोट्या टपऱ्यासारखे कियॉस्क होते. १९५७ मध्ये ट्रॉली बंद झाली, कियॉस्क इकडे तिकडे गेले, त्यातला एक मधे बरीच वर्षं ब्रुकलिनच्या मुलांच्या म्युझियममध्ये होता. तो या लोकांनी मिळवला, बेटावर आणला, दुरुस्त केला आणि रोपवेच्या स्टेशनबाहेर उभा केला. आत नकाशे, जुनी चित्रं, पोस्टकार्डं, आणि बसलेली असतात बेटावरचीच वयस्कर माणसं. त्यांना विचारलं की ती इतिहास सांगतात, पण नुसता १८३९ चा नाही. आम्ही आलो तेव्हा दुकान एकच होतं, अमुक बिल्डिंगमध्ये पहिल्या हिवाळ्यात असं झालं, लायब्ररी नव्हती तर आम्हीच पुस्तकं गोळा करून काढली मग पुढे शहराने ती आपली शाखा म्हणून घेतली, हेही ते त्याच पट्टीत सांगतात. त्यांच्या हिशोबात वेड्यांचं इस्पितळ आणि त्यांची स्वतःची लायब्ररी हा एकच इतिहास आहे. मला हे फार आवडलं. मुलीला सारखं भाषांतर करायला लावलं त्यांचं बोलणं, ती वैतागली.

लगेच "अमेरिकेत बघा कसं आणि आपल्याकडे बघा कसं" असं रडगाणं गायचं नाहीये मला. त्यांचीही दुखणी आहेत. बेटाचा कारभार १९८४ पासून राज्य सरकारचं एक कॉर्पोरेशन बघतं, त्याचे लोक रहिवाशांनी निवडून दिलेले नसतात, त्यावरून तक्रारी कायम. भाडी वाढली, स्वस्त घरं कमी झाली, सगळ्या उत्पन्नाचे लोक शेजारी ही कल्पना मागे पडत चालली. दक्षिण टोकाला रूझवेल्टचं स्मारक उद्यान आहे, आपल्या अहमदाबादच्या आयआयएमवाल्या लुई कानने डिझाइन केलेलं, तो माणूस १९७४ मध्ये भारतातून परत जाताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात वारला आणि उद्यान पुरं झालं २०१२ मध्ये. अडतीस वर्षं! त्यामुळे कामं रखडण्यावरून आपण फार खजील व्हायची गरज नाही.

पण एक गोष्ट त्यांना कळली जी आपल्याला अजून कळत नाहीये. वसाहत नवीन आहे तोवरच तिचा इतिहास गोळा करायचा असतो. सरकारवाड्याबद्दल आज काही नवीन कळायचं असेल तर दफ्तरं बघावी लागतील. सिडकोबद्दल कळायचं असेल तर शेजारच्या काकूंना चहा पाजला तरी पुरे. फक्त काकू आता ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांच्या नावावर पहिल्यांदा घर लागलं ती पिढी जातेय, आमच्याच ओळीतले किती गेले. घरं तर ओळखू येत नाहीत, एक खोली-स्वयंपाकघराची बैठी घरं होती त्यांवर दोन दोन मजले चढले, खाली दुकान, वर भाडेकरू, मूळ घर कसं होतं ते दाखवायला एखादंच शिल्लक असेल कुठेतरी कोपऱ्यात. पोरं पुण्याला नाहीतर परदेशात, घर विकताना लोखंडी कपाट रिकामं होतं त्यात अलॉटमेंटचं पत्र, हप्त्यांची पुस्तकं, कंपनीचं ओळखपत्र, गणपती मंडळाच्या पहिल्या वर्षाचा फोटो, सगळं भंगारवाल्याकडे.

आणि लिहिण्यासारखं काय नाही? ड्रॉमध्ये नाव लागलं त्या दिवशी लोक कसे वेडे झाले होते ते लिहा. वीज होती पण रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा सेकंड शिफ्टवरून येणाऱ्या नवऱ्यांना बायका कोपऱ्यापर्यंत टॉर्च घेऊन कशा जायच्या, आणि त्यातून ओळखी कशा झाल्या, ते लिहा. रिक्षावाले नासर्डीच्या पुलावरून पुढे यायला का-कू करायचे. शहरातले नातेवाईक "तुम्ही फार लांब गेलात हो" म्हणायचे, आता त्यांचीच मुलं पाथर्डी फाट्याच्या पुढे फ्लॅट घेतात. कारखान्यात संप झाला, ले-ऑफ आला, तेव्हा कुणाच्या घरी पापड-शेवया सुरू झाल्या, कुणी शिलाई मशीन घेतलं, त्यातून आज कितीतरी दुकानं उभी आहेत, हा उद्योगाचा इतिहास नाही का? एकेका ओळीत चार बोली. मी खानदेशातली नाही, पण या ओळीत राहून अहिराणी समजायला लागली, खापरावरचे मांडे यायला लागले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घराघरात खानदेशची देवी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत विसर्जन, रस्ते फुलून जातात, ही नाशिकची परंपरा नव्हती, सिडको-सातपूरच्या लोकांनी आणली आणि आता ती नाशिकचीच झालीय. गावाहून शहरात देवी कशी येते, भाऊबंद पांगल्यावर तिच्या प्रसादाचे रोट कुठे करायचे हे कसं ठरतं, यावर कुणीतरी पीएच.डी. करायला हवी, तुम्ही निदान अर्धं पान द्या.

मूळ गावांबद्दल तर आधी लिहायला हवं. बेटावरचे लेनापे गेले, त्यांचं मागे काही राहिलं नाही, एक जुनं नाव राहिलं ते नकाशाच्या कोपऱ्यात. आपल्याकडे तसं नाही. ज्यांची शेतं योजनेत गेली ती घराणी मोरवाडीत, उंटवाडीत, कामटवाड्यात अजून नांदतायत, गावठाणाच्या गल्ल्या सिडकोच्या सरळ रस्त्यांमध्ये आल्या की लगेच कळतं, रस्ता वाकडा होतो आणि देऊळ लागतं. उंटवाडीचा म्हसोबा आणि त्याचा वड कुणाला माहीत नाही? २०२२ मध्ये उड्डाणपुलासाठी तो जुना वड जाणार म्हटल्यावर केवढा गहजब झाला, मंत्र्यांनी लक्ष घातलं, तुम्हीही तेव्हा रोज फोटो छापलेत. वडाचे फोटो छापलेत, पण त्या वडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलंत का की बाबा, हे सगळं शेत होतं तेव्हा कुठल्या बांधाला काय म्हणत होते, विहिरी कुठे होत्या, कुठल्या विहिरीवर आता कुठला चौक आहे? जमीन किती गेली, पैसे काय मिळाले, त्यांना हे सांगायला आवडेल का नाही ते त्यांनी ठरवावं, पण विचारायला तर हवं. आम्ही हक्काचं घर मिळालं म्हणून पेढे वाटले ते त्यांच्या शेतावर उभं राहून, हे आमच्या पिढीनेही एकदा ऐकून घेतलं पाहिजे.

आता "शेवटचं ठेवा" म्हटलं होतं ते हे. माझं मागणं मोठं नाही. म्युझियम नको, पुतळा तर अजिबात नको, चौकाचौकात पुष्कळ झाले. तुमच्या नाशिक आवृत्तीत महिन्यातून एकदा अर्धं पान सिडकोच्या जुन्या लोकांना द्या. लोकांना आवाहन करा की अलॉटमेंटची पत्रं, पहिल्या घराचे फोटो, लग्नाच्या मांडवाचे फोटो (मागे रस्ता आणि घरं दिसतात म्हणून), शाळेचे पहिल्या बॅचचे फोटो पाठवा, तुम्ही स्कॅन करून परत करा. परत करा हे ठळक छापा, नाहीतर कुणी देणार नाही. ते स्कॅन एका ठिकाणी राहतील अशी व्यवस्था एखाद्या वाचनालयाबरोबर करता येईल, आपल्याकडे १८४० पासूनचं वाचनालय आहे, त्यांना जुनं सांभाळायची सवय आहे. कॉलेजच्या मुलांना सुट्टीत रेकॉर्डिंगला लावा, मोबाइल सगळ्यांकडे आहेत, रील करण्याऐवजी आजीला अर्धा तास बोलू दे. सहा योजना आहेत, एकेका योजनेपासून सुरुवात करा, म्हणजे भांडणं होणार नाहीत की आमचं आधी का नाही. भांडणं तरीही होतील, पहिला गणपती कुठल्या मंडळाचा यावरून तर नक्की होतील, ती पण छापा.

सुरुवात माझ्यापासून करायची असेल तर माझ्याकडे घराचं पत्र आहे, हप्त्याच्या पावत्या सगळ्या आहेत, मिस्टरांचं कंपनीचं ओळखपत्र आहे, आणि आमच्या ओळीतल्या बायकांचा संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे ज्यात मागे घरांच्या पलीकडे नुसतं माळरान आणि पांडवलेण्याचा डोंगर दिसतो, आज त्या जागेवरून डोंगर दिसत नाही, गच्चीवर जावं लागतं. फोटोतल्या बायकांची नावं मी मागे पेन्सिलने लिहून ठेवलीत. दोघींची आठवत नाहीत, फोटो छापलात तर कुणीतरी फोन करेलच.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
सिडको, नाशिक

ता.क. कानबाईच्या रविवारी फोटोग्राफर पाठवणार असाल तर सोमवारी सकाळी लवकर पाठवा, विसर्जनाची खरी गर्दी तेव्हा असते. रोट त्याला मिळणार नाहीत, ते भाऊबंदांनीच खायचे असतात, पण चहा-फराळ आमच्या ओळीत कुठल्याही दारात मिळेल.